‘कल्पित’ शब्दाचा अर्थ आणि व्यवहार

बखरी, करीने, कैफियती यांची चिकित्सा करतांना आपल्याकडे एक वाक्य वारंवार लिहिलें जातें: ‘हा मजकूर कल्पित आहे.’ कधीं तेंच अधिक तिखटपणें येतें: ‘ही बखर नव्हे, कादंबरी आहे.’ वाक्य लहान, परंतु परिणाम मोठा. ज्या पोथीवर हा शेरा पडला तिची नक्कल करण्याची कोणास घाई रहात नाहीं. यादींत ती शेवटीं जाते, कपाटांत खालच्या फळीवर जाते, आणि वाळवीस सर्वांच्या आधीं सांपडते. म्हणून हा शब्द आपण कोणत्या अर्थानें वापरतों, आणि त्या अर्थानें तो वापरणें कितपत न्याय्य आहे, याचा विचार येथें करावयाचा आहे. आमचें म्हणणें आरंभींच सांगतों. ‘कल्पित’ या एका शब्दाखालीं आपण निदान पांच निरनिराळे प्रकार कोंबीत असतों. त्यांपैकीं एकच त्या नांवास खरोखर पात्र आहे, आणि तो मुळींच अपराध नव्हे.

प्रथम शब्दांकडे पाहूं. इंग्रजींतील ‘फिक्शन’ हा शब्द ज्या लॅटिन धातूपासून निघाला त्याचा मूळ अर्थ आकार देणें, माती मळून वस्तु घडविणें, असा आहे. बतावणी करणें हा त्याच मुळाचा दुसरा फांटा. आपल्या ‘कल्पना’ शब्दाच्या मुळाशीं असलेला ‘कॢप्’ धातु जुळणें, योग्य होणें, सिद्ध करणें या अर्थांचा आहे. दोन्ही ठिकाणीं पाया कारागिरीचा आहे, लबाडीचा नाहीं. कुंभारानें मडकें घडविलें तर तो खोटें बोलला असें कोणी म्हणत नाहीं. मराठींत तर हा सारा भेद एका अक्षरावर उभा आहे: ‘घडलेलें’ आणि ‘घडविलेलें’. इतिहास घडलेल्याचा, कथा घडविलेल्याची. मात्र घडविलेलें जर घडलेलें म्हणून खपविलें, तर तिसरीच वस्तु उत्पन्न होते. तिचें नांव बनावट. घडलेलें, घडविलेलें आणि बनावट या तिहींचा घोटाळा हेंच आमच्या तक्रारीचें मूळ होय.

आपल्या पूर्वसूरींस हा भेद ठाऊक होता. अमरकोशांत आख्यायिका म्हणजे ज्ञात वृत्तावर आधारलेली रचना आणि कथा म्हणजे कल्पनेनें केलेला प्रबंध, असा स्पष्ट विवेक केलेला आहे. भामहानें हे दोन प्रकार वेगळे मानिले. दंडीनें मात्र एकाच जातीस दोन नांवें दिलीं आहेत असें म्हणून तो भेद नाकारिला. म्हणजे ज्या प्रश्नावर आज आपण शेरे मारतों त्यावर तेराशें वर्षांपूर्वींच मतभेद होता. बाणभट्टानें सातव्या शतकांत लिहिलेल्या दोन गद्यग्रंथांवरून हा भेद उत्तम कळतो. हर्षचरित ही आख्यायिका. तींत राजा हर्ष याचें आणि आरंभीं स्वतः बाणाचें वृत्त आहे. कादंबरी ही कथा. तिची नायिका गंधर्वकन्या. आतां मौज पहावी. हर्षचरिताचा आरंभ दुर्वासानें सरस्वतीस दिलेल्या शापानें होतो, आणि अतिशयोक्तीवांचून त्यांतील एक पान जात नाहीं. तरी हर्षाचा इतिहास लिहिणारा एकहि विद्वान तो ग्रंथ बाजूस सारीत नाहीं. तो अलंकार ओळखतो, वजा करतो, आणि उरलेलें पारखून घेतो. हर्षचरितास जो न्याय मिळतो तो भाऊसाहेबांच्या बखरीस कां मिळूं नये, असा आमचा प्रश्न आहे.

पुढें मराठींत या शब्दांची मोठी उलथापालथ झाली. ‘आख्यायिका’ हा जो ज्ञात वृत्ताचा शब्द, तो आज आपण ज्याची खातरी नाहीं अशा ऐकीव गोष्टीस लावतों. ‘अशी एक आख्यायिका आहे’ असें म्हटलें कीं बोलणारा आपली जबाबदारी झटकून मोकळा होतो. ‘कथा’ हा जो कल्पनेचा शब्द, तो हरिकथेंत श्रद्धेचा विषय झाला आणि सत्यकथेंत साक्षीचा. आणि ‘कादंबरी’ हें जें एका ग्रंथाचें, त्यांतहि एका मुलीचें विशेषनाम, तें सबंध साहित्यप्रकाराचें सामान्यनाम होऊन बसलें. बाबा पदमनजी यांचें ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालीं निघालें. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची. रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांचें शिवकालावरील ‘मोचनगड’ १८७१ चें. या नव्या जातीच्या पुस्तकांस मराठीनें बाणाच्या नायिकेचें नांव दिलें. कानडीनेंहि तोच शब्द घेतला. गुजरातीनें ‘नवलकथा’ केली. बंगाली व हिंदी यांनीं ‘उपन्यास’ घेतला, जो कानडींत व तेलुगूंत व्याख्यानास लावतात. एकाच वस्तूस शेजारच्या भाषा इतकीं भिन्न नांवें देतात, यावरून एवढें तरी दिसतें कीं, हीं नांवें वस्तूच्या लक्षणावरून ठरलेलीं नाहींत. तेव्हां त्यांपैकीं एखादें नांव उचलून तें प्रमाणशास्त्रांतील दोषवाचक संज्ञा म्हणून वापरणें धोक्याचें आहे.

रोजच्या व्यवहारांतील शब्दहि असेच निसरडे आहेत. ‘गोष्ट’ म्हणजे घडलेली बाब आणि आजीनें सांगितलेली कथाहि. ‘गोष्ट खरी आहे’ आणि ‘गोष्ट सांग’ या दोन वाक्यांत एकच शब्द न्यायालयांत उभा राहतो आणि पाळण्याशींहि बसतो. ‘हकीकत’ हा अरबी शब्द सत्याचा. पण हकीकत म्हणून लिहिलेला प्रत्येक कागद सत्य असतो असें कोणीहि जाणता मनुष्य मानणार नाहीं. ‘बखर’ हा शब्द ‘खबर’ या शब्दांतील वर्णांची अदलाबदल होऊन झाला, हें मत रूढ आहे. तें मानिलें तर बखरीचें नांवच बातमी. अलीकडे ग्रंथालयांत ‘ललित’ आणि ‘ललितेतर’ अशी वांटणी करतात. पण ललित निबंधांत लेखक स्वतःच्या आयुष्यांतील खरा प्रसंगच सांगत असतो. टीकाकारांनीं ‘कथात्म साहित्य’ असा शब्द केला आहे. परंतु कथनाचा आकार तर उत्तम इतिहासासहि असतो. सारांश, इंग्रजी शब्दाचा नेमका जोड मराठींत नाहीं, आणि त्यांत लाज वाटण्यासारखेंहि कांहीं नाहीं. एका शब्दानें भागत नसेल तर चार वापरावेत. मात्र ते वेगवेगळ्या अर्थानें वापरावेत.

आतां ते पांच प्रकार घेऊं.

पहिला प्रकार खऱ्या कल्पिताचा. यांत लेखक आणि वाचक यांचा करार असतो. हरि नारायण आपटे यांनीं तानाजी मालुसऱ्यांवर ‘गड आला पण सिंह गेला’ लिहिली ती कादंबरी म्हणून लिहिली, आणि वाचकानें ती कादंबरी म्हणून घेतली. तींतील संभाषणें कोणत्या दप्तरांत आहेत असें विचारणारा वाचक त्या कराराबाहेर गेला. उद्यां एखाद्यानें त्या पुस्तकाच्या आधारावर सिंहगडाच्या लढाईचें वर्णन लिहिलें, तर दोष कादंबरीकाराकडे नाहीं. ज्यानें कागद वाचण्यापूर्वीं त्याची जात ओळखली नाहीं त्याच्याकडे आहे.

दुसरा प्रकार बनावटाचा. वतनाच्या तंट्यांत खोटे महजर, खोट्या सनदा, खोटीं दानपत्रें तयार होत, हें आपल्या वाचकांस सांगावयास नको. येथें करार नसतो, कराराचा भंग असतो. १७७६ सालीं सदाशिवरावभाऊंचा तोतया कोंकणांतून उठला, किल्ले त्याच्या हातीं गेले, आणि त्याच वर्षीं त्याचा शेवट झाला. पुढें नरसिंह चिंतामण केळकर यांनीं ‘तोतयाचें बंड’ हें नाटक लिहिलें. रंगभूमीवर जो नट तोतया होऊन उभा राहतो तो कल्पिताचें काम करतो. भाऊ म्हणून जो किल्ल्यांत शिरला तो बनावट होता. वेष दोघांनींहि घेतला, पण पहिल्याचा वेष प्रेक्षकांस ठाऊक आहे, दुसऱ्याचा लपविलेला आहे. कल्पित आणि बनावट यांतील अंतर यापेक्षां सोप्या दृष्टान्तानें सांगतां येईल असें वाटत नाहीं. आणि बनावट पकडण्याच्या कसोट्याहि निराळ्या आहेत: कागद, शाई, मोडीचें वळण, शिक्कामोर्तब, कालगणना. १६७४ पूर्वींच्या म्हणविणाऱ्या पत्रावर राज्याभिषेक शक दिसला तर पुढें वाचण्याची गरज नाहीं. कादंबरीस या कसोट्या लावणें जसें हास्यास्पद, तसेंच बनावट पत्रास ‘कल्पित’ म्हणून सोडून देणें भोळेपणाचें. कारण तो शब्द गुन्ह्यास कलेचा मान देतो.

तिसरा प्रकार दंतकथेचा. येथें घडविणारा एक नसतो. अनेक तोंडांतून गोष्ट आपोआप वळण घेते. कोंढाण्यास सिंहगड हें नांव १६७० सालीं तानाजी पडल्यावर मिळालें, असें आपण लहानपणापासून ऐकतों. परंतु खुद्द शिवाजी महाराजांच्या १६६३ च्या पत्रांत सिंहगड हें नांव आलेलें आहे. कृष्णाजी अनंत सभासद यानें राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस बखर लिहिली. तींत महाराजांच्या तोंडीं जे उद्गार आहेत त्यांत सिंह नाहीं. एक गड मिळाला पण त्यापायीं दुसरा गमावला, असा त्यांचा आशय आहे. त्या बखरींत मावळे वानरांसारखे कडा चढतात; घोरपड चढते ती शाहिराच्या पोवाड्यांत. या सर्वांत कोणीहि कोणास फसविण्याचा बेत केलेला नाहीं. लोकांनीं आपल्या प्रेमास साजेसें रूप प्रसंगास दिलें. दंतकथा ही लढाईविषयीं वाईट साक्षीदार, पण लोकमानसाविषयीं उत्तम साक्षीदार असते. तिला कल्पित म्हणून टाकणारा पहिली साक्ष नाकारतांना दुसरीहि फेंकून देतो.

चौथा प्रकार रचित संभाषणाचा व अलंकाराचा. दत्ताजी शिंदे १० जानेवारी १७६० रोजीं बुराडी घाटावर पडले ही गोष्ट घडलेली. त्यांनीं शेवटच्या क्षणीं शत्रूस दिलेलें उत्तर, जें आज महाराष्ट्रांत प्रत्येकाच्या तोंडीं आहे, तें भाऊसाहेबांच्या बखरींत येतें. तें टिपून घेणारा कारकून त्या घाटावर बसलेला नव्हता, हें उघड आहे. बखरकारानें त्या पुरुषास शोभेल असें वाक्य त्याच्या तोंडीं घातलें असेल, किंवा छावणींत चालत आलेलें उचललें असेल. ही रीत एकट्या बखरकाराची नव्हे. ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीझ यानें आपल्या ग्रंथांतील भाषणें शब्दशः नसून प्रसंगास उचित अशीं आपण घातलीं आहेत, असें उघड सांगितलें आहे. तरी त्यास इतिहासकारांच्या पंक्तींतून कोणी उठविलें नाहीं. आपल्या बखरकारानें तसें सांगितलें नाहीं, हा त्याचा दोष मानावा. परंतु त्याचा वाचक ही रीत जाणत होता, हेंहि विसरूं नये. अशा ठिकाणीं वाक्य अवतरणचिन्हांत घालून वस्तुस्थिति म्हणून देणें चूक, आणि त्या वाक्यासाठीं सबंध प्रकरण रद्द करणें ही त्याहून मोठी चूक.

पांचवा प्रकार निव्वळ प्रमादाचा. शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९ चा, म्हणजे १६२७ चा, असें कित्येक बखरींत आहे. लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलींत तो शके १५५१ फाल्गुन वद्य ३, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, असा निघाला, आणि बऱ्याच वादानंतर महाराष्ट्र शासनानेंहि २००१ सालीं तीच तिथि स्वीकारली. बखरकारांनीं येथें कांहींहि कल्पिलेलें नाहीं. त्यांस चुकीचें साल मिळालें, तें त्यांनीं लिहिलें. चुकलेल्या मनुष्यास कवि म्हणणें हा त्याचा गौरव नव्हे आणि न्यायहि नव्हे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाहीं. कोणी म्हणेल: ‘हे भेद सुबक आहेत, पण इतिहासास पाहिजे अस्सल समकालीन कागद. जो मजकूर तसा नाहीं तो कल्पित असो, बनावट असो, कीं दंतकथा असो, आम्हांस सारखाच निरुपयोगी.’ या मताच्या पाठीशीं मोठें नांव उभें करितां येतें. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनीं १८९८ सालीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला, त्यांत १७५० ते १७६१ पर्यंतचीं पत्रें देऊन प्रस्तावनेंत बखरींच्या चुकांचें निर्दय पृथक्करण केलें. त्या प्रस्तावनेनें आपल्या अभ्यासास शिस्त लावली हें ऋण कोण नाकारील? परंतु त्याच राजवाड्यांनीं १९०२ सालीं ‘कादंबरी’ या विषयावर स्वतंत्र निबंध लिहून त्या साहित्यप्रकाराचा गंभीरपणें विचार केला, आणि १९२४ सालीं ‘महिकावतीची बखर’ स्वतः संपादून तिला विस्तृत प्रस्तावना जोडली. बखर ही पत्रापुढें टिकत नाहीं, इतकेंच त्यांनीं दाखविलें. बखर जपूं नये असें त्यांच्या कृतीवरून तरी निघत नाहीं. गुरूची कठोरता घेऊन त्याचा साक्षेप टाकून देणें ही शिष्यांची जुनी खोड आहे.

शिवाय ‘निरुपयोगी’ हा शब्द कशाच्या संदर्भांत, हें विचारिलें पाहिजे. १६७० च्या लढाईस पोवाडा निरुपयोगी असेल. पण त्या लढाईची आठवण पुढच्या पिढ्यांनीं कशी जपली, हें विचारावयाचें झाल्यास पोवाडाच अस्सल कागद होय. खोटा महजर तंट्याच्या मूळ हक्काविषयीं खोटा. पण तो ज्या वर्षीं तयार झाला त्या वर्षीं कोणत्या शिक्क्यास वजन होतें, कोणाच्या साक्षीस मान होता, कोणत्या जमिनीचा लोभ होता, याविषयीं तो खराच बोलतो. कारण खोटें करणारा ज्याची चलती त्याचीच नक्कल करतो. कागद नेहमीं कशाची तरी साक्ष देतो. ती कशाची, हें ठरविणें हें आपलें काम; आणि ‘कल्पित’ हा सरसकट शेरा तें काम करण्याऐवजीं तें टाळतो.

दुसरी गोष्ट अशी कीं, एकाच पोथींत हे पांचहि प्रकार शेजारीं शेजारीं नांदतात. आरंभींची वंशावळ दंतकथेची, मधलें लढाईचें वर्णन ऐकलेल्या किंवा पाहिलेल्या माणसाचें, संभाषण रचलेलें, साल चुकलेलें, आणि शेवटीं एखाद्या घराण्यासाठीं मागाहून घुसडलेलें कलम बनावट. अशा पोथीस सबंध एक नांव देणें म्हणजे धान्याच्या पोत्यांतील चार खडे मोजून पोतें उकिरड्यावर रिकामें करणें होय. निर्णय कलमावर द्यावा, पोथीवर देऊं नये.

आतां संग्राहकांस व याद्या करणारांस आमची विनंती. ‘कल्पित’ हा शब्द यादींतून अजिबात काढावा असें आम्ही म्हणत नाहीं. त्याची जागा नेमून द्यावी. ज्या रचनेंत लेखकानें घडविल्याचें लपविलेलें नाहीं, तिलाच कल्पित म्हणावें. फसविण्याच्या हेतूनें केलेल्या कागदास बनावट म्हणावें, आणि कोणत्या कसोटीवर तो बनावट ठरला ती त्याच ओळींत लिहावी. लोकांच्या तोंडून आलेल्यास दंतकथा, लेखकानें पात्राच्या तोंडीं घातलेल्यास रचित, चुकलेल्यास प्रमाद म्हणावें. ज्याचा निर्णय झाला नाहीं त्यापुढें ‘अनिर्णीत’ लिहिण्यास संकोच नसावा. पुढच्या अभ्यासकास तो शब्द उघड्या दारासारखा असतो. शेरा कोणी दिला व कोणत्या सालीं दिला, हेंहि नोंदावें, म्हणजे यादी करणाराचें मत पोथीच्या अंगास कायमचें चिकटणार नाहीं. आणि नक्कल किंवा छायाचित्र घेण्याचा क्रम शेऱ्यावरून ठरवूं नये, कागदाच्या प्रकृतीवरून ठरवावा. जो अधिक जीर्ण तो आधीं.

हें सर्व शब्दच्छल वाटेल. परंतु आपल्या विद्येंत शब्द हाच तराजू आहे, आणि तराजू खोटा असेल तर माल कितीहि चोख असला तरी वजन खोटेंच येणार. कादंबरीकारास आपलें घडविलेलें अभिमानानें घडवूं द्यावें. बनावट करणारास त्याच्या नांवानें हांक मारावी. आणि ज्या बखरकारानें मिळालें तें ऐकून, थोडें चुकून, थोडें सजवून, पण विसरलें जाऊं नये म्हणून लिहून ठेविलें, त्याची पोथी खालच्या फळीवरून उचलून प्रथम ऊन दाखवावी. चिकित्सा मग करावी. चिकित्सेसाठीं तरी पोथी शिल्लक राहिली पाहिजे.